एनएसएसमध्ये नाव टाकलं, आता गावात जाऊन नेमकं करायचं काय?

ॲडमिशनच्या गर्दीत फॉर्मवर चौकोन असतात, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) की एनसीसी की खेळ, आणि बहुतेक पोट्टे बाजूच्यानं जिथं टिक केली तिथंच करतात. मग पावसाळ्यात एक वृक्षारोपण होते, २४ सप्टेंबरला एनएसएस दिन होतो, २ ऑक्टोबरला झाडू हातात घेऊन फोटो होतो, हिवाळ्यात शिबिर होते आणि वर्ष संपते. सर्टिफिकेट भेटते. शिकले काय म्हणून कोणी विचारलं तर 'समाजसेवा' म्हणून मोकळे होतात, त्याच्यापुढं गाडी जात नाही. दर्यापूर, पांढरकवडा, मेहकर, चिमूर, आर्वी असल्या तालुक्याच्या गावच्या कॉलेजात जे यंदा पहिल्यांदा यात पडले आहेत त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गावात जाऊन शिकायला भेटते, पण कधी? काम तुमच्या विषयाचं असलं, आटोक्यातलं असलं आणि त्याच गावात तुम्ही परत परत गेले तर. बाकी रॅली-बॅनर-भाषणातून ना गावाले काही भेटत ना तुम्हाले.

पहिली पायरी: आधी कागद समजून घ्या

हे कंटाळवाणं आहे पण एकदाच करायचं आहे. एनएसएस १९६९ साली गांधी शताब्दीच्या वर्षी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. हिशेब साधा आहे, वर्षाला १२० तास, दोन वर्षं मिळून २४० तास, आणि दोन वर्षात एक सात दिवसांचं निवासी शिबिर. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडं एनएसएस को-करिक्युलरमध्येही येते, आणि त्याशिवाय कम्युनिटी एंगेजमेंट, फील्ड प्रोजेक्ट असे वेगळे क्रेडिटचे पेपर आले आहेत. या दोन गोष्टी एक नाहीत! फील्डच्या कामात एका क्रेडिटला साधारण ३० तास धरतात, पण कोणत्या सेमिस्टरला काय आहे ते तुमच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पाहा, सिनिअरच्या सांगण्यावर जाऊ नका, त्याच्या वेळचा पॅटर्न वेगळा होता. कार्यक्रम अधिकारी, म्हणजे कॉलेजात एनएसएस बघणाऱ्या सरांना पहिल्याच आठवड्यात विचारा की तास कोण लिहिते, वही कुठं राहते, सही कधी होते. मार्चमध्ये सह्यांसाठी सरांच्या मागं फिरणारी पोरं दरवर्षी दिसतात.

बी.एस्सी. ॲग्रीवाल्यांचं वेगळं आहे, त्यांना शेवटच्या वर्षी गावात राहून कृषिदूत-कृषिकन्या म्हणून काम करावंच लागते. बीएसडब्ल्यूवाल्यांचं, म्हणजे समाजकार्याच्या पोरांचं फील्डवर्क तर टाइमटेबलातच असते. अडचण होते ती आर्ट्स, सायन्स, कॉमर्सवाल्यांची, ज्यांना वाटते आपल्या विषयाचा आणि गावाचा काय संबंध.

दुसरी पायरी: गाव एकच धरा, आणि जवळचं धरा

कॉलेजचं दत्तक गाव असतेच, बहुतेक वेळा तेच धरायचं. नसेल तर असं गाव धरा जिथं एसटीनं जाऊन शेवटच्या एसटीनं वापस येता येते, आणि तुमच्या ग्रुपमधल्या एखाद्याचं मामाचं-मावशीचं घर तिथं आहे. हे ऐकायला हलकं वाटते पण पाणी प्यायला, सायकल ठेवायला, पोरींना बाथरूमला जायला एक घर लागते. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्या ग्रुपमधल्या पोरी दुसऱ्या खेपेला येत नाहीत, आणि मग सर म्हणतात मुलींना इंटरेस्ट नाही.

एकच गाव काहून? तर सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज बघा. तिथं दरवर्षीची बॅच एक गाव दत्तक घेते, पहिल्या वर्षी तिथं शिबिर करते, पोरांना घरं वाटून देतात आणि पुढंही त्याच घरी त्यांचं जाणं-येणं राहते. एका भेटीत बाई सांगते सगळं बरं आहे. चौथ्या भेटीत सांगते की गोळ्या खातच नाही, डब्यात पडल्या आहेत. ही चौथी भेट पुस्तकात नाही.

कुठं दोन दिवस जाऊन पाहून यायचं असेल तर गडचिरोलीत धानोऱ्याजवळ मेंढा-लेखा आहे. तिथं निर्णय सर्वसहमतीनं होतो आणि त्याच्याआधी अभ्यासगटात त्या विषयाचा कीस पाडला जातो, गावातले आणि बाहेरचे एकत्र बसून. जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवलेलं गाव आहे ते. राज्यशास्त्राच्या पोरांनी तर जावंच. पण फोन करून, परवानगी घेऊन जा, सहलीसारखे धडकू नका.

तिसरी पायरी: पहिल्या खेपेला फॉर्म नेऊ नका

नवीन ग्रुप काय करतो, चाळीस प्रश्नांचा सर्वे छापतो आणि घरोघरी सुरू होतो. तुमचं उत्पन्न किती, संडास आहे का, कर्ज किती. लोक वैतागलेले आहेत याला. एक काकाजी ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाले ते तसंच लिहितो, "कायचा सर्वे हाये बावा? मांगच्या साली बी आलते पोट्टे, लिहून तं नेलं, पन वापस कोनी आलं नाई." यावर उत्तर देणं कठीण आहे, कारण खरं आहे.

पहिल्या दिवशी फक्त भेटा. सरपंच किंवा उपसरपंच, ग्रामसेवक (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) ज्या दिवशी गावात असतो तो दिवस विचारून घ्या, पोलीस पाटील, शाळेचे हेडमास्तर, अंगणवाडीताई आणि आशाताई. यात मला विचाराल तर आशाताई सगळ्यात महत्त्वाची. कोणत्या घरात कोण आजारी, कोण कोणाशी बोलत नाही, कोणत्या ओळीत पाणी येत नाही, सगळं तिला माहीत असते. बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांपर्यंत ती ज्या भेटी देते ना, त्या कामाची पद्धत आपल्या गडचिरोलीतच डॉक्टर अभय बंग आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्या बायांना शिकवून उभी केली, मग ती देशभर गेली. म्हणून आशाताईला 'माहिती द्या' म्हणू नका, 'ताई, आम्हाले तुमच्यासंगं फिरू द्या' म्हणा. एक दिवस तिच्या मागं फिरलं की तुमच्या सर्वेतले अर्धे प्रश्न गळून पडतात.

वेळेचं भान ठेवा. सोयाबीन काढणीच्या दिवसात, कापूस वेचणी जोरात असताना दुपारी अकराला गेलात तर घरी म्हातारी माणसं आणि लेकरं, बाकी सगळे वावरात. महिना पाहा, मग तास पाहा. सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी दिवेलागणीला, आणि मुक्काम नसेल तर रविवारी. मोहफुलाच्या, तेंदूपत्त्याच्या हंगामात गोंदिया-गडचिरोलीकडं सर्वे घेणं म्हणजे रिकाम्या घरांचा सर्वे.

आणि बोलायची रीत. काकाजी, आजी, मावशी, दादा, ताई. 'लाभार्थी' हा शब्द तोंडातून काढू नका. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू मारत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत, आणि कीर्तनातही लोकांनाच प्रश्न विचारत. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आणि आपण मात्र उलटं करतो, आधी तासभर भाषण आणि मग झाडू, तोही फोटोपुरता.

चौथी पायरी: आपल्या विषयाचं काम काढा

इथं थांबून नीट सांगतो कारण खरी शिकायची जागा हीच आहे.

समजा तुम्ही बी.एस्सी. केमिस्ट्रीचे आहात आणि गाव पूर्णेच्या खोऱ्यात आहे, खारपाण पट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या त्या भागात जिथं बोअरचं पाणी तोंडात घेववत नाही. काम काय, तर गावातल्या सगळ्या विहिरी, हापशा, बोअर यांची यादी आणि प्रत्येकाचं पाणी तपासणं. ऐकायला किरकोळ आहे. करायला घेतलं की कळते.

प्लास्टिकची स्वच्छ लिटरभराची बाटली घ्या, हापसा आधी दोन-चार मिनिटं हापसा म्हणजे पाइपात साचलेलं पाणी निघून जाईल, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, मग काठोकाठ भरा आणि तिथंच लेबल लावा: कोणाच्या घराजवळ, किती वाजता, पाऊस कधी पडला होता, लोक हे पाणी पितात की फक्त वापरतात. लेबल नंतर लावू म्हणणाऱ्याच्या बाटल्या कॉलेजात पोचेपर्यंत सगळ्या सारख्या दिसतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, दाखवणारं मीटर ऑनलाइन काहीशे रुपयात येते, त्यानं जागेवर आकडा येतो. पिण्याच्या पाण्याला लिटरमागं ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं म्हणतात, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण हे मीटर क्षार थेट मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजते आणि त्यावरून आकडा काढते, हे फिजिक्सवाल्या मित्राकडून समजून घ्या. आणि आकडा कमी आला म्हणजे पाणी शुद्ध असं अजिबात नाही, त्यात जंतू आहेत का ते मीटरला कळत नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत अडचण फ्लोराइडची आहे, तेही या मीटरवर दिसत नाही.

मग कॉलेजच्या लॅबमध्ये क्लोराइड काढा. मोहरची पद्धत, पोटॅशियम क्रोमेट टाकलं की पिवळं होते, वरून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब. परीक्षेच्या प्रॅक्टिकलला जे सोल्यूशन देतात त्यात रंग आरामात विटकरी होतो आणि सगळ्यांचं रीडिंग कसं कोण जाणे सारखंच येते! खारपाण पट्ट्यातल्या बोअरचं पाणी घ्या आणि बुरेट उघडा. खाली पांढरा साका जमत जाते, बुरेट उतरत जाते, आणि रंग काही येत नाही. तेव्हा डोक्यात येते की पाणी आधी पातळ करायला पाहिजे, किती पट करायचं, आणि मग शेवटी त्या पटीनं गुणायचं. डायल्यूशन फॅक्टर पुस्तकात दोन ओळीचा आहे. इथं तो एका घरच्या बोअरचा आहे, आणि त्या घरची आजी पुढच्या रविवारी विचारणार आहे, "काय निंघालं रे आमच्या पान्यात?" तिला मिलिग्रॅम सांगून भागत नाही. हे पाणी प्यायचं की नाही, भाजीला चालते का, वावरात दिलं तर जमिनीचं काय होईल, हे आपल्या भाषेत सांगावं लागते, आणि ते सांगता आलं तर समजा केमिस्ट्री आली.

एक काळजी घ्या. तुमचा आकडा हा शेवटचा नाही. गावात पाणी तपासणीचे किट असतात, जलजीवन मिशनमध्ये गावातल्या बायांना त्याचं ट्रेनिंग दिलेलं असते, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो, भूजल सर्वेक्षणची लॅब असते. तुमच्या यादीतले जे नमुने गडबडीचे वाटतात ते जलसुरक्षकाला सोबत घेऊन तिकडं पाठवा. 'तुमचं पाणी विषारी आहे' असं चौकात बोलू नका, गावात भांडण लावून द्याल.

बाकी विषयांचं भरभर सांगतो.

झूलॉजी-बॉटनीवाले फवारणीच्या दिवसात कामाचे आहेत. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते आपल्याकडं कोणी विसरलं नाही. डब्यावरचा तिकोन वाचायला शिका आणि शिकवा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात कमी. लेबलवर विषावरचा उताराही लिहिलेला असतो, म्हणून कोणाला त्रास झाला तर डबा सोबत घेऊन दवाखान्यात जायचं, हे एक वाक्य घरोघरी पोचवलं तरी त्या वर्षीचं काम झालं. एलडी-५०, म्हणजे किती विषानं निम्मे उंदीर मरतात तो आकडा, काय असते ते तिथं समजते, कारण समोरचा विचारतो की हे उंदराले देऊन पाहिलं तं मले काय. तुम्ही स्वतः पंप पाठीवर घेऊ नका.

कॉमर्सवाल्यांनी बचत गट धरावा. किर्द, खतावणी, हप्ता, व्याज, सगळं तिथं आहे आणि बॅलन्स जुळला नाही तर दहा बाया तुमच्याकडं बघत असतात. गटाच्या सचिवताईला शिकवायला जाल तर आधी तिच्याकडून शिका, ती तोंडी व्याज काढते आणि तुम्ही कॅल्क्युलेटर शोधता.

राज्यशास्त्राचे असाल तर ग्रामसभेला बसा, नुसतं बसा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास होतात. कोरम, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. किती आले, बाया किती, बोललं कोण, कोरम न भरल्यानं तहकूब झाली का, आणि तहकूब सभेला मग कोरम लागत नाही याचा फायदा कोण घेते, हे लिहून काढा. भूगोलवाल्यांनी पांदण रस्त्यांचा नकाशा करावा, पावसाळ्यात कोणत्या धुऱ्यापासून बंडी अडते ते खुणा करून. मराठीवाल्यांनी आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या आणि वऱ्हाडी-झाडीतले शेतीचे शब्द रेकॉर्ड करावेत, झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात असाल तर दंडार (तिकडचं लोकनाट्य) करणारी माणसं शोधा.

ज्याला काहीच सुचत नाही त्यानं ई-पीक पाहणीला हात लावावा. खरिपात शेतकऱ्याला वावरात उभं राहून ॲपवर पिकाचा फोटो टाकायचा असतो, म्हाताऱ्या माणसाला जमत नाही, रेंज नसते. पण नियम एक, फोन त्यांचा, ओटीपी त्यांचा, आधार नंबर तुमच्या वहीत लिहायचा नाही, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा नाही. आपल्या नावावर पुढं काही आलं तर गावातला दरवाजा कायमचा बंद होईल, तुमच्या मागून येणाऱ्यांनाही.

पाचवी पायरी: सात दिवसांचं शिबिर

डिसेंबर-जानेवारीत शाळेच्या खोल्यांत मुक्काम असतो. ब्लँकेट जाड न्या, विदर्भातली थंडी फक्त उन्हाळ्याचं नाव ऐकलेल्यांना माहीत नसते. ताट, ग्लास, टॉर्च, मच्छराचं औषध, नेहमीच्या गोळ्या, एक्स्टेंशन बोर्ड. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गृहभेटी, रात्री कार्यक्रम, असा साचा असतो.

श्रमदानात जागा निवडणं हा अर्धा अभ्यास आहे. वनराई बंधारा बांधायचा तर नाल्याला पाणी वाहतं असतानाच, म्हणजे पाऊस थांबल्यावर लवकर, जानेवारीत कोरड्या नाल्यात बांधलेला बंधारा फक्त अहवालात भरतो. शिबिर उशिरा असेल तर बंधारा दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी उरकून घ्या. सिमेंटची रिकामी पोती, रेती-माती भरून, विटा रचतात तसे सांधे चुकवून थर. जागा गावातल्या माणसाला विचारा, पाणी कुठं थांबते ते त्याला ठाऊक आहे. श्रमदानाची शिस्त ज्यांना बघायची त्यांनी कधी बाबा आमटेंच्या सोमनाथच्या छावणीला जाऊन यावं, चंद्रपूर जिल्ह्यात मूल गावाजवळ, मे महिन्याच्या उन्हात असते.

स्वयंपाकाच्या पाळीत पोरांनाही घ्या. पोरी भाकरी थापतात आणि पोरं माइक टेस्टिंग करतात असं शिबिर खूप पाहिलं, आणि त्याच रात्री स्त्री-पुरुष समानतेवर बौद्धिक असते!

गृहभेटीत एका गोष्टीवर मी कडक आहे. ज्या घरात शेतकऱ्यानं जीव दिला त्या घरी प्रश्नावली घेऊन जायचं नाही. प्रोजेक्टसाठी तर नाहीच. त्या बाईनं तेच तेच किती जणांना सांगितलं असेल. जायचंच असेल तर आशाताईसोबत, रिकाम्या हातानं, काही काम असेल तर करायला: लेकराचा अभ्यास, निराधारचा अर्ज, बँकेचा कागद. कोणी खूपच खचलेलं दिसलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकटचा नंबर लावून द्या, आशाताईला आणि सरांना सांगा, स्वतः समुपदेशक होऊ नका.

फोटो विचारून काढा. लेकरांचे तर आईबापाला विचारूनच.

सहावी पायरी: वही

क्रेडिट असो नसो, वही त्याच दिवशी लिहा, एसटीत बसल्या बसल्या लिहा. 'आज आम्ही गावात जाऊन जनजागृती केली, ग्रामस्थांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' हे वाक्य वहीत दिसलं की मी पान पलटतो. असं लिहा: सहा घरं झाली, दोन बंद, एका ठिकाणी कुत्रं, हापसा नंबर तीनचा टीडीएस १४००, मावशी म्हणाली पाऊसकाळात गोड लागते आणि होळीनंतर खारं, पुढल्या वेळी मे महिन्यात परत मोजायचं. या शेवटच्या ओळीतून तुमचा फील्ड प्रोजेक्ट निघतो, विषय शोधत गुगलवर फिरायची गरज पडत नाही. इंटरव्ह्यूला 'एनएसएसमध्ये काय केलं' विचारलं तर हेच पान आठवते, आणि समोरच्याला लगेच कळते की हा पोरगा खरंच गेला होता.

सातवी पायरी: निघालेलं गावाला वापस द्या

सेमिस्टर संपायच्या आधी, पेपर तोंडावर यायच्या आधी, एक दिवस ठेवा. मोठ्या कागदावर हातानं यादी करा, कोणत्या विहिरीचं काय निघालं, कोणतं पाणी लॅबला पाठवलं, उत्तर काय आलं, काय यायचं बाकी आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, एक प्रत शाळेत, एक आशाताईकडं. ग्रामसभा जवळ असेल तर सरपंचाला विचारून पाच मिनिटं मागून घ्या. लोक आडवे-तिडवे प्रश्न विचारतील, एखादा म्हणेल माहे नाव कायले लिहिलं, मग ते तिथंच खोडा.

आणि दुसऱ्या वर्षाला जाताना ती वही घरी नेऊ नका. कार्यक्रम अधिकारी सरांच्या कपाटातही नको, तिथून काही निघत नाही. नवीन आलेल्या दोघांना सोबत घेऊन एकदा गावात जा, आशाताईची आणि ज्या घरी पाणी पिता त्या घराची ओळख करून द्या, मे महिन्यात कोणता हापसा मोजायचा बाकी आहे ते दाखवा आणि वही त्यांच्या हातात द्या.